सांधे: कुठला कशासाठी घडलाय, आणि वेचणीच्या दिवसांत तो का दुखतो

बाभूळबन (धागाकर्ती)

मी यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी जोरात आली की माझ्याकडे बायांची गर्दी वाढते आणि तक्रार एकच असते, "सांधे दुखतात जी." कुठला सांधा, काय केलं की वाढतं, असं विचारलं तर पुष्कळदा उत्तर येतं, "सारेच." मग दुकानातून गोळी, चार दिवस बरं, की पुन्हा तेच. मला मनापासून वाटतं की आपला सांधा कोणत्या कामासाठी घडलाय एवढं जरी माणसाला माहीत असलं, तरी दुखण्याशी कसं वागायचं हे बरंचसं त्याचं त्याला ठरवता येईल. म्हणून हा धागा काढतेय.

अचल, अर्धचल आणि चल हे तीन प्रकार शाळेत सगळ्यांनी पाठ केलेले असतात. कवटीची हाडं दातेरी शिवणींनी एकमेकांत अडकलेली असतात, ती हलत नाहीत. मणक्यांमधल्या चकत्या आणि ओटीपोटाच्या खाली पुढून जिथे कमरेची दोन हाडं जुळतात तो जघनसांधा, हे थोडेसेच हलतात. गरोदरपणात हाच जघनसांधा काही मिलिमीटर सैल होतो, बाळाला वाट मिळते. हातापायांचे बाकी जवळजवळ सगळे सांधे चल.

चल सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, भोवती पिशवी, पिशवीच्या अस्तरातून झिरपणारं दाट द्रव, आणि हाडाला हाड बांधून ठेवणारे अस्थिबंध. निरोगी गुडघ्यात हे द्रव जेमतेम २ ते ४ मिलिलिटर असतं. लोक याला वंगण म्हणतात आणि ते बरोबरच आहे, पण त्याचं दुसरं काम फार थोड्यांना माहीत असतं. मोठ्या माणसाच्या कूर्चेत रक्तवाहिनी नसते. तिचं पोषण मुख्यतः या द्रवातूनच होतं. सांध्यावर भार आला की कूर्चेतलं पाणी दाबून बाहेर पडतं, भार उतरला की नवं द्रव आत शिरतं, ओला फडका पिळून पुन्हा पाण्यात सोडावा तसं. म्हणून सांधा दिवसभर एकाच स्थितीत दाबून ठेवणं आणि तो अजिबात न हलवणं, दोन्हीत कूर्चा उपाशी राहते. कूर्चेला जाणीव देणारी नसही नसते, त्यामुळे ती झिजू लागते तेव्हा काही कळत नाही. दुखायला लागतं ते खालच्या हाडापर्यंत, अस्तरापर्यंत किंवा अस्थिबंधांपर्यंत गोष्ट गेल्यावर.

आता वेचणीकडे येते. ओटी बांधून बाई पऱ्हाटीच्या ओळीतून पुढे सरकते आणि प्रत्येक बोंडातला कापूस अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढते. या चिमटीचा सगळा आधार अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाला लागून असलेला सांधा. त्याला खोगिरी सांधा म्हणतात. तिथलं मनगटाचं हाड आणि अंगठ्याचं हाड, दोघांचेही पृष्ठभाग एका दिशेने खोलगट आणि दुसऱ्या दिशेने फुगीर असतात. त्यामुळे अंगठा पुढेमागे होतो, आतबाहेर होतो आणि थोडा वळून बोटांच्या समोर येतो. बाकीच्या चार बोटांना हे जमत नाही. पण या सोयीची किंमत मोठी आहे. चिमटीच्या टोकाला १ किलोचा जोर लावला तर या मुळाच्या सांध्यावर सुमारे १२ किलोचा दाब येतो. आता दिवसभरात बोंडं किती वेचली जातात याचा अंदाज तुम्हीच करा. पन्नाशीच्या बाईचा अंगठा मुळाशी चौकोनी दिसायला लागला, डब्याचं झाकण फिरवताना कळ आली, तर झीज याच सांध्याची आहे असं मी आधी धरते.

मात्र त्याच्याच जरा वर, मनगटाच्या अंगठ्याकडच्या कडेला दुखत असेल आणि अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवलं की जीव जात असेल, तर ते सांध्याचं दुखणं बहुतेक नसतं. तिथे अंगठ्याच्या स्नायुरज्जूंचं, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांचं, आवरण सुजलेलं असतं. बोटभर अंतरावर दोन वेगळे आजार. दुसरा आजार अंगठ्याला पट्टी आणि काही आठवडे विश्रांती दिली की बहुधा बरा होतो. पहिल्यात काम करायची पद्धत बदलावी लागते, हात आलटूनपालटून वापरावे लागतात.

गुडघा शाळेत बिजागरीचा म्हणून शिकवतात. तो शरीरातला सर्वांत मोठा सांधा आहे आणि नुसता बिजागरीचा नाही. पाय पूर्ण सरळ होताना शेवटच्या टप्प्यात मांडीचं हाड नडगीच्या हाडावर किंचित आत वळतं आणि सांधा कुलूपबंद होतो. त्यामुळेच आपल्याला स्नायू फारसे न दमवता बराच वेळ उभं राहता येतं. वाकलेल्या गुडघ्याला हे कुलूप नसतं, तो थोडा फिरू शकतो. निंदताना बाया उकिडव्या बसून, उभ्या न राहता, एका ओळीवरून दुसरीकडे सरकतात. म्हणजे गुडघा पूर्ण वाकलेला, त्यावर अंगाचा भार, आणि वरून पीळ. मांडी आणि नडगीच्या मध्ये ज्या दोन चंद्राकृती गाद्या असतात त्या फाटायला नेमकी हीच स्थिती लागते. सरकायचं असेल तेव्हा आधी उठा, पाऊल टाका, मग बसा. एवढं सांगितलं तरी काही जणींचा त्रास कमी झालेला मी पाहिलाय.

खांदा आणि खुबा, दोन्ही उखळीचे सांधे. खांद्याची उखळ अगदी उथळ, म्हणून हात सगळीकडे फिरतो आणि म्हणूनच निखळतोही सर्वांत जास्त. खुब्याची उखळ खोल, तिच्या पुढचा अस्थिबंध शरीरातला सर्वांत मजबूत. तिथे फिरण्यापेक्षा अंग पेलणं महत्त्वाचं.

तुमचे प्रश्न विचारा. मी रोज संध्याकाळी पाहते.

धुऱ्यावरचा

ताई, लय चांगलं लिवलं. पन माहा एक सवाल हाय. तुमी म्हन्ता कूर्चेले हालचाल पायजे. माह्या बापानं जनमभर वखर अन् डवरा हाकलला, एक दिस बसला नाई. साठीतच त्याचे दोनी गुडघे वाकडे झाले. आमच्या गावच्या दुकानदारानं जनमभर गादी सोडली नाई, त्याचे शाबूत हायेत. मंग हालचालीनं गुडघा टिकते का झिजते?

अन् दुसरं. आमची माय पोट्ट्याईले बोटं मोडू देत नाई. सांधे ढिले होतात म्हन्ते. खरं हाय का?

बाभूळबन

भाऊ, पहिला प्रश्न फार मोलाचा आहे. तुमच्या वडिलांचं उदाहरण मी नाकारणार नाही, कारण ते खरं आहे. वर्षानुवर्षं जड ओझी उचलणं आणि उकिडवं किंवा गुडघ्यावर बसून काम करणं, या दोन्हींनी गुडघ्याची झीज वाढते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. चालणं कूर्चेला पोसतं, कारण त्यात भार येतो आणि उतरतो. क्विंटलभराचं पोतं पाठीवर घेऊन गाडीत चढवणं, ढेकळातून पाय मुरगळत वखरामागे चालणं, यात भार कूर्चेच्या सोसण्यापलीकडे जातो. मग तो उतरूनही फायदा होत नाही. शिवाय एकदा आतल्या बाजूची कूर्चा झिजली की पाय धनुष्यासारखा बाहेर वाकतो, त्याने भार आणखी आतल्या बाजूलाच पडतो, आणि मग झीज झपाट्याने होते. वडिलांचे पाय असेच वाकलेत ना?

दुकानदाराचं म्हणाल तर झीज फक्त कामावर ठरत नाही. वय, वजन, जुनी इजा, घराण्यातला कल, हे सगळं असतं. बायांमध्ये पाळी गेल्यानंतर ती जास्त दिसते. शाबूत गुडघ्याच्या एका माणसावरून बसून राहणं चांगलं असं ठरत नाही.

वडिलांना आता काय करता येईल ते सांगते. मांडीच्या पुढचा स्नायू गुडघ्यावरचा भार झेलतो, आणि दुखतं म्हणून माणूस पाय कमी वापरतो तसा तोच आधी वाळतो. बाजेवर पाय लांब करून बसवायचं, गुडघ्याखाली दुपट्ट्याची गुंडाळी ठेवायची, ती गुंडाळी गुडघ्याने खाली दाबून ५ सेकंद धरायची, मग सोडायची. सकाळ-संध्याकाळ, जमेल तेवढ्या वेळा. गुंडाळी दाबताना वाटीच्या वरचा स्नायू हाताला कडक लागला पाहिजे. नाही लागला तर नुसता पाय हलतोय, काम होत नाहीये. वजन जास्त असेल तर १ किलो कमी केल्याने प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी उतरतो. उंच संडास आणि हातात काठी यांनाही लाजू नये. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. आपल्याकडे बहुतेक जण उलटी धरतात.

बोटं मोडण्याचं आईला सांगा की काळजी नको. सांधा ताणला की आतल्या द्रवावरचा दाब एकदम कमी होतो आणि त्यात वायूची पोकळी तयार होते, आवाज तेव्हाचा. २०१५ साली कॅनडातल्या संशोधकांनी बोट ओढताना चालू एमआरआयमध्ये हे टिपलं. पुन्हा तोच आवाज यायला साधारण २० मिनिटं लागतात. अमेरिकेतले डोनाल्ड अंगर नावाचे डॉक्टर पन्नास वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडत राहिले, आणि १९९८ मध्ये त्यांनी लिहिलं की दोन्ही हातांत संधिवात नाही आणि फरकही नाही. एका माणसाचा प्रयोग आहे, पण चिकाटी मोठी. मात्र आवाजाबरोबर दुखत असेल, सूज असेल किंवा सांधा अडकत असेल तर दाखवायला हवं.

फळा_आणि_खडू

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी सातवी-आठवीत कुणीतरी विचारतंच, "मॅडम, हलत नाही तर त्याला सांधा कायले म्हणायचं?" मी मुलांना बाळाच्या टाळूपासून सांगायला लागते. जन्मताना कवटीची हाडं सुटी असतात, प्रसूतीच्या वाटेतून येताना ती एकमेकांवर थोडी सरकतात. नंतर मेंदू वाढतो तसं कवटीला वाढायला शिवणींतच जागा असते. मागची टाळू दोन-तीन महिन्यांत भरते, पुढची साधारण दीड वर्षापर्यंत. कवटी एकसंध हाडाची असती तर मेंदूला वाढताच आलं नसतं. म्हणजे हे सांधे हलण्यासाठी कमी आणि वाढण्यासाठी जास्त आहेत. मुलांना हे फार आवडतं, प्रत्येक जण घरी जाऊन लहान भावंडाची टाळू बघतो.

बाभूळबन ताई, आमच्या गावात बाळाच्या टाळूवर तेल थापून ती "भरवतात". त्यात काही धोका?

बाभूळबन

मॅडम, टाळू तेलाने भरत नाही, ती हाडं वाढून तिच्या वेळेनेच भरते. हलक्या हाताने लावलेल्या तेलाने नुकसानही होत नाही, दाबू मात्र नये. तुमच्या मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. जुलाब-उलट्या होणाऱ्या बाळाची टाळू खोल गेलेली दिसली तर अंगातलं पाणी कमी झालंय. ओआरएस सुरू करून लगेच दवाखान्यात न्यायचं. घरी जाऊन टाळू बघणारं पोर हे आईच्या आधी ओळखू शकेल.

गोठ्याकडून

मी पशुधन पर्यवेक्षक. थोडं विषयाच्या बाजूचं आहे, पण राहवलं नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे तूप-हळदीने शेकतो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणतो. ज्या खांद्याला आपण एवढा मान देतो तिथे बैलाला गळपट्टीचं हाड नसतं. पुढचा अख्खा पाय धडाला हाडाने जोडलेलाच नाही, फक्त स्नायूंच्या पट्ट्यांत धड टांगलेलं असतं. माणसाचा हात मात्र छातीच्या वर, गळपट्टीच्या आतल्या टोकाशी एका छोट्या सांध्याने धडाला हाडाशी हाड जोडलेला आहे. म्हणून माणूस हात बाजूला पसरू शकतो, बैल पाय तसा पसरू शकत नाही. शेण-चिखलात पुढचे पाय बाजूला घसरले की बैलाच्या छातीचे स्नायू फाटतात ते यामुळेच. गोठ्यात घसरण ठेवू नका.

अजून एक. बैलाच्या पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो, ते त्याचं मनगट. मागच्या पायाचं उलटं वाकलेलं ढोपर म्हणजे त्याचा घोटा. खरा गुडघा वर, पोटाला लागून असतो.

फळा_आणि_खडू

हे उद्याच वर्गात सांगते. आमच्या शाळेसमोरच गोठा आहे, पोरांना दाखवताच येईल.

वैनगंगेची_पोर

गोंदिया जिल्ह्यातून लिहितेय. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, सिकलसेलचा (रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या होतात तो आजार), एसएस, म्हणजे आईबाप दोघांकडून आलेला. उन्हाळ्यापासून त्याचा डावा गुडघा दुखतो. जवळच्या एका खाजगी दवाखान्यात गुडघ्याचा एक्स-रे काढला, चांगला निघाला. गोळ्या, मलम, गुडघ्याचा पट्टा सगळं झालं. आता तो लंगडतो. धानाची रोवणी होती म्हणून माझंही लक्ष कमी पडलं. डॉक्टर म्हणतात वाढीचं दुखणं आहे. ताई, गुडघ्याला सूज नाही, हात लावला तर दुखत नाही. मग हे काय असेल?

बाभूळबन

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच लिहितेय. त्याचा खुबा तपासून घ्या. शक्य असेल तर याच आठवड्यात.

खुब्याला आणि गुडघ्याला जाणीव पुरवणाऱ्या नसा काही अंशी त्याच असतात. त्यामुळे बिघाड खुब्यात आणि दुखतो गुडघा, असं मुलांमध्ये पुष्कळदा होतं. गुडघा बाहेरून चांगला, एक्स-रे चांगला, तरी पोर लंगडतंय, तर खुबा पाहायचाच, मग सिकलसेल असो की नसो. तुमच्या मुलाला तर सिकलसेल आहे. खुब्याच्या उखळीत बसणारा जो हाडाचा गोळा असतो त्याला रक्त थोड्याच बारीक वाहिन्यांतून मिळतं. विळ्याच्या आकाराच्या पेशी तिथे अडकल्या की गोळ्याचा काही भाग मरतो, आणि त्यावर चालत राहिलं तर तो खचतो. सुरुवातीला साध्या एक्स-रेत हे दिसतही नाही, एमआरआयमध्ये लवकर दिसतं.

मी तपासते तेव्हा मुलाला पाठीवर निजवून, खुबा आणि गुडघा काटकोनात वाकवून, पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला नेते. त्याने खुबा आत वळतो. आजारी खुबा इथे अडतो किंवा जांघेत कळ येते. तुम्ही घरी जोर लावून करू नका, अस्थिरोग तज्ज्ञांकडे करून घ्या. तोपर्यंत त्याला त्या पायावर कमीत कमी भार देऊ द्या, उड्या आणि पळणं बंद. पाणी भरपूर. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका. त्याला ताप आला किंवा दुखणं एकदम वाढलं तर मात्र वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालय. या मुलांमध्ये हाडात आणि सांध्यात जंतुसंसर्गही होतो.

लक्ष कमी पडलं असं मनाला लावून घेऊ नका. गुडघा दुखतो असं सांगणाऱ्या पोराचा गुडघाच पाहिला जातो, सगळीकडे हे घडतं. खुबा पाहायला हवा होता तो तपासणाऱ्याने.

झरी_जामणीकर

आमच्याकडे वेगळंच आहे. आमच्या पोडावरच्या (वस्तीवरच्या) म्हाताऱ्या माणसांची मान फिरत नाही, पाठ ताठ झालेली, मागून हाक मारली तर अख्खं अंग वळवून बघतात. वात म्हणून सोडून देतात. पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आहेत. हातपंपाच्या पाण्याचा संबंध असेल का?

बाभूळबन

दातांचे पट्टे आणि ताठ पाठ एकाच वस्तीत असतील तर फ्लोराइडचा विचार आधी करायचा. यवतमाळ, चंद्रपूर भागातल्या काही गावांच्या भूजलात ते जास्त आहे. दर लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर असलेलं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की अस्थिबंधांत आणि स्नायुरज्जूंत चुना साचतो. मान डावी-उजवीकडे फिरवण्याचं जवळपास निम्मं काम पहिल्या दोन मणक्यांमधला खिळीचा सांधा करतो, उरलेलं खालचे मणके मिळून करतात. भोवतीचे बंधच हाडासारखे कडक झाले की मणके मोकळे असूनही फिरता येत नाही. दातांवरचे पट्टे लहानपणी दात घडत असतानाच पडतात, म्हणजे आजच्या मुलांच्या पोटातही ते पाणी जातंय.

पाणी उकळून उपयोग नाही. उकळल्याने पाणी आटतं आणि फ्लोराइड उलट दाट होतं. ग्रामपंचायतीमार्फत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवा, हातपंपाचा आणि विहिरीचा वेगवेगळा. पुष्कळदा उथळ विहिरीचं पाणी त्याच गावातल्या खोल बोअरपेक्षा बरं निघतं, मग पिण्यापुरतं तरी ते वापरता येतं, अर्थात त्यातल्या जंतूंची काळजी घेऊन.

धुऱ्यावरचा

बापाचे पाय तसेच वाकले हायेत, तुमी म्हन्ता तसे. काठी पन दुखऱ्या पायाकडच धरत होता, आज बदलली. गुंडाळीचं सुरू केलं. एक अजूक, गावातला एक जन गुडघ्यावर बिब्बा लावून देते. लावू का?

बाभूळबन

अजिबात नको. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, मधुमेह असेल तर ती जखम महिनोन्महिने चिघळते. सांध्याच्या आत त्यातलं काही पोचत नाही. बरं वाटतं ते वरच्या आगीने आतलं दुखणं झाकलं जातं म्हणून. शेकायचं तर गरम पाण्याचा कपडा पुरे. आणि कुणी पुडीतलं औषध देत असेल, ज्याने दोन दिवसांत गुडघा एकदम मोकळा होतो, तर ते घेऊ नका. त्यात स्टिरॉइड मिसळलेलं असण्याची शक्यता असते, आणि ते दीर्घकाळ पोटात गेलं तर खुब्याचा तोच गोळा मरतो ज्याबद्दल मी वरच्या ताईंना लिहिलं.

वैनगंगेची_पोर

ताई, काल नागपूरला दाखवून आले. डॉक्टरांनी खुबाच धरला, पाऊल बाहेर नेताच तो ओरडला. एक्स-रेत नक्की दिसत नाही म्हणाले, एमआरआय सोमवारी आहे. कुबड्या दिल्या. शाळेला सांगितलंय, वर्ग खाली घेणार आहेत त्याचा. उजवा पाय अजून दुखत नाही, तो वाचला म्हणायचा का?

बाभूळबन

फार बरं केलंत. आता सोमवारी जाताना एवढं नक्की विचारा की एमआरआय दोन्ही खुब्यांचा होतोय ना. सिकलसेलमध्ये पुष्कळदा दोन्ही बाजूंना त्रास असतो आणि दुसरी बाजू न दुखताच सुरू झालेली असते. चिठ्ठीवर फक्त डावा लिहिला असेल तर डॉक्टरांकडून दुरुस्त करून घ्या. कुबड्यांची उंची काखेत दोन-तीन बोटं जागा राहील अशी हवी, भार तळहातावर, काखेवर नाही. रिपोर्ट आला की इथे लिहा.